डिझेल ट्रकचे इंजिन ऑइल बदलताना कोणत्या पायऱ्या खरोखर आवश्यक आहेत?

मालवा_मालवाहक (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि गेली अकरा वर्षे वडिलांचा मालवाहतुकीचा व्यवसाय सांभाळतो. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची जुनी बीएस-तीन (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक). ती येथून सोयापेंड घेऊन धुळे, मालेगाव, नाशिकपर्यंत जाते आणि परतताना बहुधा कांदा आणते. दुसरी तीन वर्षांपूर्वी घेतलेली बीएस-सहा.

वडिलांच्या काळापासून आमचे काम ट्रान्सपोर्ट नगरातील एक वयस्कर मिस्त्री करीत असत. ऑइल बदलणे हा त्यांच्याकडे जवळजवळ एखाद्या पूजेसारखा विधी होता. गाडी फिरवून आणून गरम करायची, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काढून रात्रभर ऑइल निथळू द्यायचे, सकाळी तीन-चार लिटर डिझेल इंजिनात ओतून अर्धा मिनिट इंजिन चालवायचे आणि ते डिझेल काढून टाकायचे, नवा फिल्टर ऑइलने भरून मग चढवायचा, स्टॉप (इंजिन बंद करण्याची दोरी) ओढून धरून सेल्फ (स्टार्टर) मारायचा, दाब आल्यावरच इंजिन सुरू करायचे, पाच मिनिटे धिम्या गतीवर ठेवायचे, त्यानंतर ग्रीसिंग, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टरमधील पाणी. सर्वांत शेवटी उदबत्ती आणि नारळ.

आता त्यांची दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांचा भाचा काम पाहतो. तो हे सारे पस्तीस मिनिटांत आटोपतो आणि विचारले तर म्हणतो, "भिया, बाकी सब पुराने ज़माने की बातें हैं." मामांचे सगळेच खरे असेल असे मला वाटत नाही आणि भाच्याचे सगळेच खोटे असेल असेही नाही. म्हणून जाणकारांनी सांगावे, की यांतील कोणती पायरी गाळल्यास इंजिनाचे नुकसान होते आणि कोणती केवळ सवय आहे.

आणखी एक गोष्ट. जुनी गाडी ऑइल बदलल्यावर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये सुमारे दोन लिटर ऑइल खाते आणि नंतर पुढच्या बदलापर्यंत गेजवरची (ऑइल मोजण्याच्या काडीवरची) पातळी फारशी हलत नाही. भाच्याच्या मते हे वयोमानाने होते.

घाटरस्ता (सेंधवा)

माझ्या मते गरम ऑइल काढणे, योग्य दर्जाचे ऑइल घालणे, फिल्टर बदलणे आणि गळती तपासणे एवढे चारच काम आवश्यक आहे. त्यांतील चौथे मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे ऑइल बदलून मी रात्री निघालो आणि मानपूरच्या पुढे उतारावर ऑइल दाबाचा दिवा लागला. इंजिन तत्काळ बंद केले. खाली उतरून विजेरी मारली तर पुढच्या चाकापासून मागे रस्त्यावर काळी रेघ ओढल्यासारखी दिसत होती. जुन्या फिल्टरचे रबरी वायसर निघून न येता इंजिनाला चिकटून राहिले होते आणि मिस्त्रीने त्याच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. दोन वायसर एकमेकांवर बसले, की ती जागा थोडा वेळ दाब धरते आणि मग एकाएकी सोडून देते. धिम्या गतीवर इंजिन चालवून पाहिले तेव्हा एक थेंबही गळला नव्हता. तेव्हापासून जुना फिल्टर उलटा धरून त्याचे वायसर त्याच्यासोबत आले आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी नवा चढवू देत नाही. या कामाला दहा सेकंद लागतात.

कुंपणावरचा

नारळाची पायरी कोणत्याही पुस्तिकेत दिलेली नाही, परंतु ती गाळण्याचे धैर्य निदान माझ्यात तरी नाही.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

माझी सारी नोकरी पीथमपूरला इंजिनांच्या चाचणी विभागात गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मामांच्या विधीतील डिझेलने धुण्याची पायरी सर्वप्रथम बंद करावी. बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्याच्यावरच सारे इंजिन तरंगत असते. डिझेल इतके पातळ असते की ते हा थर धरू शकत नाही आणि अर्ध्या मिनिटात बेअरिंग जेवढे घासते तेवढे एरवी बऱ्याच प्रवासात घासले नसते. शिवाय ओतलेले सगळे डिझेल परत निघत नाही. ऑइल कूलरमध्ये, चेंबरच्या कोपऱ्यांत आणि वाहिन्यांत काही भाग राहतोच आणि तो नव्या ऑइलला पहिल्या दिवसापासून पातळ करतो. इंजिनात खरोखरच गाळ साचला असेल तर धोका अधिक मोठा आहे, कारण सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइलची वाटच बंद होते.

ऑइल काळे दिसते म्हणून ते धुतले पाहिजे हा समजही चुकीचा आहे. डिझेल इंजिनात जळणाची काजळी तयार होते आणि ती धरून तरंगत ठेवणे हे ऑइलमधील रसायनांचे कामच आहे. नवे ऑइल शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये काळे झाले तर ते आपले काम करीत आहे असे समजावे.

रात्रभर निथळण्याचा लाभही नगण्य आहे. वीस-पंचवीस मिनिटांनंतर जे ठिबकते ते पंधरा लिटरच्या मानाने काहीच नसते आणि तेवढ्यासाठी चेंबर रात्रभर उघडे राहून त्यात धूळ जाते. याउलट, ऑइल गरम असताना काढणे अत्यावश्यक आहे, कारण काजळी आणि धातूचे कण तेव्हा ऑइलमध्ये मिसळलेले असतात आणि त्याच्यासोबत बाहेर पडतात. त्यासाठी गाडी उभी ठेवून इंजिन चालवण्यापेक्षा पाच-दहा किलोमीटर फिरवून आणणे चांगले. मात्र गरम ऑइलने हात भाजतो, हे लिहून ठेवले पाहिजे असे मला दोनदा वाटले आहे आणि दोन्ही वेळा भाजल्यानंतर.

वाकडा_पाना (बडोदे)

काकांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे. फक्त रात्रभर निथळण्याबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो. आमच्या येथे माल उतरवून गाडी संध्याकाळी येते आणि सकाळी पुन्हा भरायची असते, म्हणून कामाच्या सोयीसाठी ऑइल रात्री सोडावेच लागते. तेवढ्याने इंजिन बिघडल्याचे मी पाहिलेले नाही, मात्र बोल्टच्या जागी स्वच्छ फडके खोचून ठेवतो.

खरा प्रश्न फिल्टर भरून चढवावा की कोरडा, हा आहे. आमचे दोन मिस्त्री याच एका मुद्द्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत.

घाटरस्ता (सेंधवा)

टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असेल तर भरूनच चढवावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याला ऑइलशिवाय काही सेकंदही सोसत नाहीत.

वाकडा_पाना (बडोदे)

दांडा लाखाच्या घरात जातो तो चढावर पूर्ण भार असताना. सुरू करताना धिम्या गतीवर नव्हे. आणि फिल्टरच्या मधल्या मोठ्या छिद्रातून ऑइल ओतले, तर ते गाळणीच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूला पडते आणि न गाळता थेट बेअरिंगकडे जाते. ज्या डब्यातून आपण ओततो त्याचे तोंड, नरसाळे आणि मिस्त्रीची बोटे किती स्वच्छ असतात हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. भरायचाच असेल तर कडेच्या लहान छिद्रांतून, सीलबंद डब्यातील ऑइलने, सावकाश भरावा. त्या वाटेने गेलेले ऑइल गाळून आत जाते. वेळ लागतो, बुडबुडे येतात आणि तेवढा धीर कोणाला नसतो, म्हणून मधल्या छिद्राचा मोह होतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर हा वादच उरत नाही.

मामांची स्टॉप ओढून सेल्फ मारण्याची पद्धत मात्र मला फार आवडली. इंजिन पेटू न देता फिरवले, की पंप वाहिन्या भरून घेतो आणि बेअरिंगवर स्फोटाचा भार पडण्यापूर्वी दाब येतो. दर वेळी दहा-पंधरा सेकंदच फिरवावे आणि मध्ये थांबावे, नाहीतर सेल्फ जळतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत ही पायरी मी आवश्यक मानीन आणि ती केली तर फिल्टर कोरडा चढवला तरी बिघडत नाही. पुस्तिकेत स्पष्ट सूचना असेल तर तीच शेवटची. काही कंपन्या फिल्टर भरायला सांगतात आणि काही निक्षून नको म्हणतात.

सुरू केल्यावर पाच मिनिटे धिम्या गतीची आवश्यकता नाही. दाब आल्यानंतर एक-दोन मिनिटे पुरेशी आहेत. त्यानंतर खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहावेत, इंजिन बंद करावे, सपाट जागेवर दहा मिनिटे थांबावे आणि मग गेज पाहावे.

हिशेबवही (ग्वाल्हेर)

मी एका वाहतूक संस्थेचे हिशेब पाहते, पान्याला कधी हात लावलेला नाही. तरीही दोन पायऱ्या माझ्याकडून लिहून घ्या.

पहिली म्हणजे रिकामा डबा. आमच्याकडे एका गाडीचे इंजिन दुरुस्तीसाठी वेळेआधी उतरवावे लागले तेव्हा चौकशीत असे निघाले, की नामांकित छापाच्या डब्यात भलतेच ऑइल भरलेले होते. तेव्हापासून सील मालकाच्या माणसासमोर फोडायचे आणि डबा रिकामा झाल्यावर त्याला जागेवरच आरपार भोक पाडायचे असा नियम आहे. अखंड रिकाम्या डब्याला बाजारात भाव मिळतो, यातच सगळे आले.

दुसरी म्हणजे नोंद. तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा, फिल्टरचा क्रमांक आणि किती लिटर घातले, हे पाचही रकाने भरल्याशिवाय मी देयक मंजूर करीत नाही.

मालवाहक दादा, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किती लिटर लिहिले आहे आणि आपल्या नोंदीत किती दिसते?

मालवा_मालवाहक (इंदूर)

ताई, पुस्तिकेत फिल्टरसह १५ लिटर आहे. नोंद म्हणाल तर आम्ही प्रत्येक वेळी २० लिटरची बादली घेतो. लिटरचा हिशेब कधी ठेवला नाही. गेजच्या वरच्या खुणेपर्यंत भरतो आणि उरलेले चालक वाटेत लागेल म्हणून डब्यात घेऊन जातो. आता विचारले तेव्हा तो म्हणाला की सहसा दीडेक लिटर उरते.

हिशेबवही (ग्वाल्हेर)

म्हणजे साडेअठरा लिटर आत जाते. पुस्तिकेपेक्षा साडेतीन लिटर अधिक. माझ्याकडे असे देयक आले असते तर मी ते परत पाठवले असते.

प्रवासी_पक्षी (देवास)

हा धागा वाचताना विचारावेसे वाटले: बीएस-सहा गाडीत जुन्याच दर्जाचे ऑइल चालते का? ट्रान्सपोर्ट नगरात मला सीआय-४ प्लस या जुन्या वर्गाचे ऑइल दिले आणि पंधरा-डब्ल्यू-चाळीस म्हणजे पंधरा-डब्ल्यू-चाळीस, सगळे सारखेच, असे सांगितले.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

सगळे सारखे मुळीच नाही. पंधरा-डब्ल्यू-चाळीस हा केवळ दाटपणा झाला. बीएस-सहा गाडीच्या धूर नळीत काजळी पकडणारी जाळी असते. ऑइल थोडेफार जळतेच आणि त्यातील रसायनांची जी राख उरते ती या जाळीत अडकते. काजळी जाळून टाकता येते. राख जळत नाही. म्हणून २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ या वर्गात राखेचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. सीआय-४ वर्गात असे बंधन नव्हते. सीके-४ जुन्या गाडीला चालते. सीआय-४ प्लस नव्या गाडीला घालू नये. दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर एकच चांगले ऑइल ठेवणे सोपे पडते, आणि कंपनीने स्वतःचे मानक दिले असेल तर डब्यावर ते छापलेले आहे की नाही हे आधी पाहावे.

बीएस-सहा गाडीचे गेज आणखी एका कारणासाठी पाहावे. जाळीतील काजळी जाळण्यासाठी काही इंजिनांत जास्तीचे डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते आणि त्यातील थोडे भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. गाडी शहरातल्या शहरात फिरत असेल आणि ही जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहत असेल, तर ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढते. चालक आनंदून सांगतो की गाडी ऑइल खात नाही; प्रत्यक्षात ती डिझेल पीत असते.

घाटरस्ता (सेंधवा)

मग किती किलोमीटरवर बदलावे यावरही कोणीतरी लिहा. आमच्याकडे नऊ हजार ही जणू काळ्या दगडावरची रेघ आहे.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

ती रेघ जुन्या डिझेलने ओढलेली आहे. डिझेलमधील गंधकापासून आम्ल तयार होते आणि ऑइलमधील क्षार ते मारता मारता संपतो. बीएस-तीनच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० होती, बीएस-चारमध्ये ती ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. जुनी गाडीसुद्धा आज हेच स्वच्छ डिझेल पिते, त्यामुळे वडिलांच्या काळातील अंतर आज कदाचित गरजेपेक्षा लहान असेल. तरीही मी ते डोळे मिटून वाढवा असे म्हणणार नाही, कारण काजळी आणि धूळ तेवढीच आहे. बिजासन घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या किंवा मंडईबाहेर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीचे किलोमीटर पडत नाहीत, पण इंजिन चालतच असते. अशा गाडीचा हिशेब तासांवर करावा.

खात्रीने अंतर वाढवायचे असेल तर ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. नमुना पहिल्या धारेचा घेऊ नये, शेवटच्या थेंबांचाही घेऊ नये. गरम ऑइलची धार मध्यावर आली की स्वच्छ कोरड्या बाटलीत धरावा. अहवालात लोखंड वाढले तर लायनर (सिलिंडरचे अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगांकडे, तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंगकडे पाहावे. सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कूलंट आत येत असल्याची शंका घ्यावी. सिलिकॉन वाढले तर धूळ आत जाते आहे, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याच्या नळीची पकड ढिली आहे. म्हणूनच एअर फिल्टर पाहणे ही पायरी मामांनी ऑइलसोबत जोडली, ते योग्यच केले. मात्र तो हवेच्या दाबाने फुंकत असतील तर ते बंद करावे, कारण कागदाला बारीक छिद्र पडले की ते दिसत नाही.

कुंपणावरचा

प्रयोगशाळा म्हणजे आमच्या मिस्त्रीची दोन बोटे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ऑइल चोळून तो डोळे मिटतो आणि निकाल सांगतो. अपील नाही.

वाकडा_पाना (बडोदे)

दोन बोटांना हसू नका. डिझेल मिसळलेले ऑइल वासावरून आणि पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ रंगावरून ओळखता येतेच. बोटांना काजळी किती आणि धातू किती हे मात्र कळत नाही.

चेंबरच्या बोल्टचे वायसर राहूनच गेले. तांब्याचे असो वा ॲल्युमिनियमचे, ते एकदाच चेपण्यासाठी केलेले असते, म्हणून दर वेळी नवे घालावे. त्याची किंमत चहाच्या कपाएवढी असते. जुने वायसर घालून गळती थांबेना, की मिस्त्री बोल्ट आणखी आवळतो, पुढच्या वेळी आणखी, आणि एके दिवशी चेंबरचे आटे निघतात. मग चेंबर उतरवणे आले. हवेच्या बंदुकीने बोल्ट आवळू देऊ नये. ती सोडण्यासाठी वापरा, आवळण्यासाठी हात आणि पाना पुरे. फिल्टरही पान्याने आवळू नये. रबरावर ऑइलचे बोट फिरवावे, रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा द्यावा आणि थांबावे.

प्रवासी_पक्षी (देवास)

काढलेल्या ऑइलचे आपण सर्व काय करता? आमच्याकडे ते पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगांना) आणि फाळक्यांना फासण्याची पद्धत आहे, उरलेले नालीत जाते.

हिशेबवही (ग्वाल्हेर)

नालीत ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. आमच्याकडे पिंपात साठवून ठेवतात, घेणारा पावती देतो आणि पैसेही देतो. पाट्यांना फासलेले ऑइल पहिल्या पावसात रस्त्यावर येते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याची किंमत मोजावी लागते.

मालवा_मालवाहक (इंदूर)

इंदूरच्या नाल्या कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह पुढे क्षिप्रेला, त्यामुळे आपले ऑइल उज्जैनच्या घाटापर्यंत पोचू शकते हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते. पिंपाची व्यवस्था करतो.

ताईंच्या साडेतीन लिटरने मात्र माझी झोप उडवली आहे. भाचा म्हणतो, पुस्तिका काहीही म्हणो, गेज खोटे बोलत नाही.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

मला तीन गोष्टी सांगा. ऑइल बदलल्यावर गाडी निळा धूर टाकते का? ब्रीदरची (इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी) नळी ओली असते का? आणि गेजची काडी या इंजिनाची मूळचीच आहे का?

मालवा_मालवाहक (इंदूर)

निळा धूर नाही. ब्रीदरच्या नळीचे तोंड काळे आणि चिकट आहे, आणि तिच्याखालच्या चेसिसच्या आडव्या पट्टीवर ऑइल आणि धुळीचा इतका जाड थर बसला आहे की नखाने खरवडला तर वडीसारखा निघाला. काडीबद्दल वडिलांना विचारले. ते म्हणाले, फार पूर्वी इंजिनाचे काम झाले तेव्हा काडी हरवली होती आणि बाजारातून दुसरी आणली होती. कोणत्या इंजिनाची, हे कोणालाच आठवत नाही.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

मग रविवारी एकच करा. भाच्याला बाजूला बसवा आणि मापाने ऑइल घाला.

आणलेली काडी मूळ काडीपेक्षा आखूड असेल तर तिचे टोक वर राहते आणि तिच्यावरची वरची खूण खऱ्या पातळीच्या वर येते. तेथपर्यंत भरले म्हणजे क्रँकला जोडलेले तोलाचे वजन ऑइलला टेकू लागते, ऑइलचा फेस होतो आणि तो ब्रीदरवाटे बाहेर फेकला जातो. क्रँक टेकेनासा झाला की फेकणे थांबते. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दोन लिटर आणि नंतर काहीच नाही, हे रिंगा झिजल्याचे लक्षण नव्हे; झिजलेल्या रिंगा रोज खातात. फेसाळलेल्या ऑइलमध्ये हवा असते आणि हवेचा थर बेअरिंगला वाचवत नाही, म्हणून हे अंगावर काढू नका.

घाटरस्ता (सेंधवा)

काकांचे म्हणणे खरे ठरले तर माझ्या चार पायऱ्यांना पाचवी जोडावी लागेल. मी आजपर्यंत कधी लिटर मोजलेले नाहीत.

मालवा_मालवाहक (इंदूर)

रविवारचा वृत्तान्त लिहितो.

सकाळी गाडी राऊपर्यंत फिरवून आणली, सपाट जागी उभी केली, चाकांखाली ठोकळे लावले आणि लिटरच्या खुणा असलेल्या बादलीत ऑइल सोडले. निथळेपर्यंत पोहे खाऊन झाले, म्हणजे अर्धा तास धरा. बादलीत १६ लिटर भरले, फिल्टरमधील वेगळे. म्हणजे नऊ हजार किलोमीटर चालून, वाटेत दोन लिटर फेकूनही इंजिनात पुस्तिकेपेक्षा अधिक ऑइल शिल्लक होते.

बोल्ट काढला तर त्याच्यावर एकाखाली एक अशी तीन वायसरे निघाली आणि त्यांतील एक चपटे होऊन कागदासारखे झाले होते. नवे एकच घातले. फिल्टरचे रबर पाहिले, ते जुन्यासोबत आले होते. फिल्टर कोरडा चढवला, १५ लिटर मोजून ओतले, स्टॉप ओढून तीन वेळा सेल्फ फिरवला आणि तिसऱ्या वेळी दाबाचा काटा हलला. मग सुरू केले, दोन मिनिटांनी बंद केले, दहा मिनिटे थांबलो.

काडी काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, "देख लिया? कम है." पाच लिटर बादलीत शिल्लक होते आणि खरे सांगायचे तर माझाही हात तिच्याकडे गेला होता.

ओतले नाही. सोमवारी इंजिनाचा क्रमांक दाखवून मूळ काडी मागवली, ती परवा आली. दोन्ही शेजारी धरल्या तेव्हा जुनी काडी दोन बोटे आखूड भरली. नवी घालून पाहिले तर ऑइल वरच्या खुणेला अगदी टेकलेले. भाच्याने दोन्ही काड्या तीन वेळा पुसून, तीन वेळा घालून पाहिल्या आणि मग तो काही न बोलता हात धुवायला गेला.

निवृत्त_चाचणीकार (इंदूर)

उत्तम. आता त्या पट्टीवरचा थर खरवडून धुऊन टाका आणि ब्रीदरची नळी साफ करा. हजार किलोमीटरनंतर तेथे ओल दिसते का ते कळवा. ओल दिसली तर रिंगांचा विचार तेव्हा करू.

हिशेबवही (ग्वाल्हेर)

दादा, दर बदलाला साडेतीन लिटर, वर्षाला चार-पाच बदल, आणि अकरा वर्षे. गुणाकार मी केलेला आहे. आपण विचारल्याशिवाय सांगणार नाही.

मालवा_मालवाहक (इंदूर)

ताई, कृपया सांगू नका. वडील हा धागा वाचतात.

आज गाडी सोयापेंड घेऊन निघाली. उरलेले पाच लिटर मी सीलबंद डब्यात भरून, तारीख लिहून घरी ठेवले. चालकाने नेहमीचा दीड लिटरचा डबा मागितला तेव्हा या वेळी तो मिळणार नाही असे सांगितले. तो बराच वेळ दारात उभा होता आणि मग म्हणाला, "भाऊ, पण मग खलघाटला थांबून टाकायचे काय?" त्याला नवी काडी दाखवली आणि टाकण्याआधी ती पाहायची असे सांगितले आहे.